तिच्या सत्काराचा मंडप

"हात दाखव." संघात नवी पोरगी आली की आमची कप्तान नाव विचारायची नाही, आधी हात बघायची. बोटं ताणून, तळवा उलटासुलटा करून. पसंत पडले नाहीत तर म्हणायची, "या हातांनी भाकरीच थाप." अशा किती पोरी रडत घरी गेल्या! मीही जाणार होते, पण माझी बोटं लांब निघाली.

यावलला शाळेमागच्या सिमेंटच्या मैदानावर आम्ही बास्केटबॉल शिकलो. ती सगळ्यांत उंच. वाटेवरच्या बाया तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "इतकी उच पोर, हिले नवरा कुठी भेटीन?" ती त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. तो सगळा राग बॉलमध्ये उतरायचा. एकदा तिच्या पासने माझं नाक फुटलं. रक्त बघून म्हणाली, बॉल येतो तेव्हा बॉलकडे बघावं. खेळ पुढे चालू.

माया करायची, तीही कडूच. धुळ्याहून सामना हरून परतताना मला ताप भरला. तिने आपली जागा मला दिली आणि एवढे लांब पाय दुमडून एसटीच्या पायरीवर बसून आली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, हिने जागेसाठी नाटक केलं.

पुढे ती मोठ्या शहरांच्या व्यावसायिक संघांकडून खेळली. नाव झालं, टीव्हीवर दिसली, तेव्हा त्याच बाया "आमची पोर" म्हणू लागल्या. मी मात्र आमच्याच शाळेत मास्तरीण झाले, शाळा सुटल्यावर पोरींना जमेल तसं बास्केटबॉल शिकवू लागले. गुडघे कामातून गेले तेव्हा तिने खेळ सोडला. शहरात शिकवायची नोकरी मिळत होती, ती नाकारून गावी आली. आपल्या मैदानावर पोरी तयार करायच्या, एवढंच डोक्यात होतं. माझ्या वर्गातल्या पोरी तिची वाट बघत होत्या.

गावाने सत्कार ठरवला. पुढाकार नानांचा, आमच्या जुन्या क्रीडाशिक्षकांचा. आपल्याकडचे सत्कार तुम्हीही पाहिलेत. ज्याचा सत्कार त्याला कोणी काही विचारत नाही. मंडप उभा राहिला तो त्याच मैदानावर. मंडपवाल्यांनी सिमेंट फोडून खांब रोवले. बास्केटचा लोखंडी खांब बुंध्याशी कापून भिंतीला टेकवला. तो खांब एकेकाळी नानांनीच गावभर हातापाया पडून तिच्यासाठी उभा केला होता.

ती आली, फेटा बांधून घ्यायला वाकली, आणि वाकल्या वाकल्या तिला फोडलेली जमीन दिसली, खांबाचा कापलेला बुंधा दिसला. मान वर करून तिने नानांना खांबाचं विचारलं.

नाना कौतुकाने हसत होते. "तुह्या फोटोले आडवा येत होता, म्हून काढला."

मागे तिचा फोटो होता, दोन मजल्यांएवढा.

शाल झाली, नारळ झाला. पाहुणे म्हणाले, ताईंनी आता इथेच मुली घडवाव्यात. टाळ्या झाल्या. मग माईक तिच्या हातात गेला. समोर सतरंजीवर पोरी बसल्या होत्या, त्यांच्यामागे खुर्च्यांवर त्यांचे बाप.

"पोरींनो, खेळायचं असेल तर हे गाव सोडा."

एवढंच बोलून ती बसली. नानांनी सवयीने टाळी वाजवली, मग हात तसेच राहिले. मला तिचा भयंकर राग आला. नानांचाही आला, पण त्यांच्यावर रागावणं म्हणजे वासराला मारणं.

सकाळी ती निघून गेली. त्यानंतर एकाही बापाने पोरगी मैदानावर पाठवली नाही. एकाने मला तोंडावर विचारलं, ज्या खेळापायी पोरीला गाव सोडावं लागतं, तो तुम्ही शिकवता कशाला?

नानांनी या वयात स्वतः थापी घेऊन खड्डे बुजवले. वेल्डिंगवाल्याला बोलावून खांब जोडला, नवी जाळी लावली. मग माझ्या फोनवरून, स्पीकर लावून, तिला सांगितलं, मैदान तयार आहे, तू ये.

तिने विचारलं, "पोरी येतात का?"

नानांना खोटं बोलता येत नाही. "कोणीच नाई येत," म्हणाले.

मग नानांनी फोन हलवून बघितला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाले, "पाह्य बरं, कटला का?"

कटला नव्हता. मीच तो बंद केला.