टोकाच्या शेतापर्यंत

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी हे लिहायला बसलो. मधुकर गेल्याचे त्याच्या मुलीने, मीराने, फोनवर कळवले त्याला आज पाच आठवडे झाले. मी ‘बरं’ म्हणालो. 

मधुकर दारव्ह्यातला माझा शेजारी, संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा. मी निवृत्त भूमितीशिक्षक. प्रोग्राम तो आधी कागदावर पेन्सिलीने लिही आणि यंत्राला देण्यापूर्वी माझ्या ओसरीवरच्या खुर्चीत बसून वाचून दाखवी. माझे प्रश्न दोनच असत : हे बरोबर कशावरून, आणि हे थांबते कशावरून?

कालव्याच्या पाणीवाटप संस्थेसाठी त्याने पाळ्या लावणारा प्रोग्राम केला, तेव्हा मात्र घाईत हे वाचन राहिले. यंत्रावर तो दहा वेळा बरोबर चालला. संस्थेच्या ताब्यात देऊनही झाला. मग सवयीने कागद घेऊन आला. पाळीला शेतकरी हजर नसला, तर त्याचे नाव पुढच्या शेतामागे जाई. मी विचारले, हे थांबते कशावरून?

“गुरुजी, हरेक फेरीत यादीतले एक शेत कमी होते.”

“गैरहजर असला तरी?”

त्याने कागदाच्या कडेला दोन नावे लिहून पाळी फिरवून पाहिली. लागोपाठची दोन माणसे गैरहजर असती, तर पाळी त्या दोघांतच फिरत राहिली असती आणि कालव्याच्या टोकाला असलेल्या गंगूबाईंच्या हरभऱ्याला पाणी कधीच मिळाले नसते.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रोग्राम परत मागितला. अध्यक्षांनी चारचौघांत विचारले, “काहून मधुकरराव, तुमच्या मशीनले बी पाणी पाजा लागते का?” तो एवढेच म्हणाला, “चूक माह्यी हाय. आठ दिवस द्या.” त्या हंगामात पाणी टोकापर्यंत पोचले. मी त्याला शाबासकी दिली नाही. द्यायला हवी होती.

यंदा कालव्यावर नवी शेते आली आहेत. प्रोग्राममधले बदल मीरा करते. वरचे लिहून होते तोच ती कागद घेऊन आली. काम संस्थेला उद्याच हवे होते. वडिलांच्या खुर्चीत बसून ती वाचू लागली. नव्या ओळींपाशी मी विचारले, “हे थांबते कशावरून?”

ती अडली. पुन्हा वाचले. मग म्हणाली, “काका, मले अजून सांगता नाही येत. उद्याचा वायदा मोडा लागते.” आणि माझ्यासमोरच तिने अध्यक्षांना फोन करून चार दिवस मागून घेतले. टोमणा तिलाही मिळाला असावा; ती नुसती हसली.

ती उद्या पुन्हा येणार आहे. संध्याकाळी खुर्ची रोजच्यासारखी आत घेतली नाही. माझ्याकडे राहिलेल्या मधुकरच्या पेन्सिलीला टोक केले आणि ती खुर्चीच्या हातावर ठेवली.