एका आठवड्याची सुट्टी

नोलीन ट्रेव्हिनाला नणंद आवडत नसे, आणि हे तिने कधी लपवलंही नाही. ब्रोकन हिलच्या शाळेची कँटीन ती चालवायची. रोज सकाळी दोनशेच्या वर कागदी पिशव्या यायच्या, प्रत्येकीवर पोराचं नाव, वर्ग आणि काय खायला हवं ते लिहिलेलं. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत प्रत्येक पिशवीत ज्याची खिम्याची पेस्टी त्याला, ज्याचं सँडविच त्याला. अकरा वर्षांत एकाही पोराचं जेवण दुसऱ्याच्या हातात गेलं नाही. अशा बाईला ब्रॉनविनने, म्हणजे नवऱ्याच्या धाकट्या बहिणीने, 'जरा गबाळीच आहे ती' म्हणावं, आणि तेही चार लोकांत?

एवढ्यावर थांबलं असतं तरी नोलीनने गिळलं असतं. पण मागे एकदा ही मंडळी ॲडलेडला गेली, तेव्हा ब्रॉनविनने तिन्ही पोरांना दारातच अडवलं, बागेची पाण्याची नळी आणली आणि त्यांचे पाय धुतल्याशिवाय घरात घेतलं नाही. आत गेल्यावर सोफ्यावर जुनी चादर अंथरलेली. आता ब्रोकन हिल गाव खाणीचं, तिथली धूळ लाल, ती टाचांच्या भेगांत बसते ती कितीही घासा निघत नाही. स्वतः ब्रॉनविन त्याच धुळीत लोळून मोठी झाली. लग्न करून समुद्राकाठी गेली, शाळेत मास्तरीण झाली, आणि बाईंना माहेरची धूळ टोचायला लागली. नोलीनने त्या दिवशी चहाचा घोटही घेतला नाही.

सासऱ्यावर मात्र तिचा जीव होता. मर्व्ह ट्रेव्हिनाने चाळीस वर्षं खाणीत काढली आणि त्याची छाती खाणीने घेतली. बायको गेल्यावर ब्रॉनविनने त्याला ॲडलेडला नेलं. सेमाफोरला, समुद्रापासून दोन गल्ल्यांवर, म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात तो राहायचा. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं नळकांडं. फेब्रुवारीत त्याने रॉसला, म्हणजे नोलीनच्या नवऱ्याला, फोन केला आणि एकच मागितलं. पाचही नातवंडं, रॉसची तीन आणि ब्रॉनविनची दोन, एकदा एकत्र हवीत, सेमाफोरच्या धक्क्यावर. प्रत्येकाला गळ बांधायला आणि टाकायला तो स्वतः शिकवणार. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा धरू नका. हेही त्याने रॉसला हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगून टाकलं.

रॉसने फोन ठेवला आणि नोलीनने कॅलेंडर काढलं. अशी कामं तिलाच करायची असत, दुसऱ्या कुणी केली तर तिचा जीव वरखाली व्हायचा. पहिली अडचण तर सरकारनेच करून ठेवलेली. ब्रोकन हिलचं घड्याळ ॲडलेडचं, पण शाळा सिडनीच्या राज्यातली, आणि ॲडलेड पडलं शेजारच्या राज्यात. दोन्ही राज्यांच्या हिवाळ्याच्या सुट्ट्या दोन-दोन आठवड्यांच्या, पण इकडची आधी सुरू होते आणि तिकडची एक आठवडा मागून. म्हणजे पाचही पोरं मोकळी असतील असा आठवडा जुलैत एकच. नोलीनने तो हिरवा रंगवला आणि सेमाफोरजवळच्या कॅरॅव्हन पार्कात एक केबिन सांगून ठेवली. नणंदेच्या घरी उतरायचा प्रश्नच नव्हता.

मग तिने जो बेत आखला तो पाहण्यासारखा होता. कॉकबर्नला हद्द ओलांडायची, युंटाला पेट्रोल आणि पोरांच्या लघव्या. तपासणी नाक्यावर फळमाशीच्या भीतीने फळं काढून घेतात, म्हणून सफरचंदं त्याच्या आधी संपवायची. प्राणिसंग्रहालय सकाळीच, कारण धाकट्या कर्टिसला दुपारी झोपवलं नाही तर तो संध्याकाळी सगळ्यांना रडवतो. पाऊस लागला तर संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा. एक दिवस ट्रामने ग्लेनेलग, कारण मधल्या शेनने जन्मात ट्राम पाहिली नव्हती. आणि गुरुवार आख्खा आजोबांचा. चाकाची खुर्ची, घोंगडी, जास्तीचं नळकांडं, वारा कमी असतो ती वेळ. सगळं कागदावर.

रॉसही खाणीतच कामाला. मेमध्ये तिथली रजेची यादी लागली. हिवाळ्यातल्या रजेसाठी तिथे चिठ्ठ्या टाकतात, आणि रॉसच्या चिठ्ठीत आठवडा आला तो नेमका आधीचा. इकडची पोरं मोकळी, तिकडची शाळेत. रॉसने बदलून मागितला, कुणी दिला नाही.

रॉस म्हणाला, "नोल, तू पोरांना घेऊन जा की ठरल्या आठवड्यात. मी मागाहून कधीतरी जाईन."

नोलीनने त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिथून उठलाच. बाप तुझा, बहीण तुझी, आणि पाचशे किलोमीटर तीन पोरं वागवत मी जायचं, तिच्यासमोर एकटीने उभं राहायचं, असं ती त्याच्या पाठीला उद्देशून बराच वेळ बोलत होती. खरं तर गाडी चालवायचं तिला काहीच वाटत नसे. मोठ्या टॅमीच्या दातासाठी ती एकटी तीनशे किलोमीटरवरच्या मिल्ड्युराला जाऊन येत असे, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्यात सॉसेज रोल. पण नणंदेच्या सोयीने आपण हलायचं ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना. तिने केबिन फिरवून आधीच्या आठवड्यात घेतली आणि ब्रॉनविनला फोन लावला. बोलायचं ते आधी लिहून काढलेलं, शब्द गोड ठेवलेले.

"गुरुवार, शुक्रवार, फक्त दोन दिवस तुझ्या दोघांना शाळेतून काढ," नोलीन म्हणाली. "बाबांच्या मनासारखं होईल."

"सत्राचा शेवट असतो आमचा. निकालपत्रकं असतात," ब्रॉनविन म्हणाली. "मी त्याच शाळेत शिकवते, नोलीन. दुसऱ्यांच्या पोरांनी दांडी मारली तर मीच चिठ्ठ्या पाठवते, आणि माझी पोरं मासे पकडायला नेऊ? तू ये ना त्याच्या पुढच्या आठवड्यात. गाडी येते तुला."

"येते. आणि तुझ्या दारात आले तर नळी तयार ठेवशील का?"



"रोज संध्याकाळी बाबांचे पाय मी धुते," ब्रॉनविन म्हणाली. "त्यांचे पायजमे मी बदलते. रात्री दम लागला की फोन मला येतो. तू तिकडे बसून रंगीत पेन्सिलींनी तक्ते काढ."

फोन कुणी आधी आपटला यावर दोघींचं आजही एकमत नाही.

त्यानंतर दोघी हट्टाला पेटल्या. रॉस मध्ये पडायला गेला आणि दोन्हीकडून शिव्या खाऊन परत आला. ब्रॉनविनने निरोप धाडला की तिच्या पोरांची शाळा काही कुणाच्या कँटीनसारखी नाही, वाटेल तेव्हा बंद करायला. नोलीनने उलट निरोप दिला की काही बायकांना वाटतं बाप त्यांनी विकत घेतलाय. मधल्यामध्ये म्हाताऱ्यालाच कुणी काही सांगेना. जूनच्या मध्यावर त्यानेच नोलीनला फोन केला.

"पोरी, येताय कुठल्या आठवड्यात? मी गळांच्या रिळांना तेल देऊन ठेवलंय. पाच आहेत, पाचही चालतात."

"ब्रॉनविनला विचारा ना बाबा," नोलीन म्हणाली.

त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत ती फोन कानाला लावून उभी राहिली. "तिला विचारलं. ती म्हणाली तुला विचार," तो म्हणाला. "मला काय, मला कुठलाही आठवडा चालतो."

आपण त्या फोनवर काय बोललो ते नोलीनने पुढे कितीदा तरी आठवून पाहिलं. ती म्हणाली होती, "बघते काय जमतंय ते."

जुलैत कुणीच गेलं नाही. बाबांना पाचही हवीत, तीनच नेऊन काय उपयोग, असं नोलीनने ठरवलं, आणि ते दिसायला अगदी समंजस दिसत होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुट्टीतही असाच एक सामाईक आठवडा निघत होता. तेव्हा हवाही उबदार, म्हाताऱ्याच्या छातीला बरी. तिने तो आठवडा हिरवा रंगवला, केबिन तिकडे फिरवली आणि बेत नव्या कागदावर उतरवून काढला. रजेच्या आठवड्यात रॉस एकटाच बसने जाऊन बापाला दोन दिवस भेटून आला. येऊन त्याने उरलेल्या रजेत धुण्याची खोली रंगवली.

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी मर्व्ह गेला. फोन ब्रॉनविननेच केला आणि रॉसलाच मागितला. नोलीन तडक शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, लागतील तितके दिवस घ्या म्हणाले. खाणीने रॉसला आठवडा दिला, चिठ्ठी न टाकता. सत्राच्या ऐन मध्यात, कुठल्याच राज्यात सुट्टी नसताना, पाच पोरं ॲडलेडमध्ये एकत्र आली.

गुरुवारी चर्चमध्ये प्रार्थना झाली, दफन झालं. मग चर्चच्या दालनात चहा आणि सँडविचेस. म्हाताऱ्या बायका एकमेकींना सांगत होत्या की मर्व्हला शेवटी त्रास झाला नाही. नोलीनला माहीत होतं की झाला. पोरं टेबलांखाली शिरायला लागली, तेव्हा ब्रॉनविनचा थोरला पुढे आला आणि म्हणाला, आजोबांचे गळ आमच्या गाडीत आहेत, आम्ही धक्क्यावर जाऊ? रॉस लोकांत अडकला होता. पोरांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून दोघी मागोमाग निघाल्या, मध्ये चार हात अंतर ठेवून.

धक्क्यावर वारा बोचरा होता. चांगल्या कपड्यांत पाचही पोरं टोकाशी कठड्याला चिकटून उभी राहिली. गाठ कशी मारायची ते एकालाही येत नव्हतं. टॅमीने बुटाच्या नाडीसारखी मारली, ती सुटली आणि गळ पाण्यात गेला. कर्टिसला गळ बिळ काही नको होता, तो समुद्रपक्ष्यांना सँडविच फेकत होता आणि खदाखदा हसत होता. त्यांच्या अख्ख्या वर्षातला तो सगळ्यात मजेचा दिवस होता, आणि ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. नोलीनला ते बघवेना.

"किती दिवस दिले तुझ्या शाळेने?" तिने विचारलं.

"हवे तितके. मोठ्या बाई म्हणाल्या, यात विचारायचं काय."

"आणि जुलैत काय म्हणाल्या होत्या? दोन दिवसांना?"

ब्रॉनविनने कोटाची कॉलर वर केली. ती समुद्राकडे बघत होती. "जुलैत मी त्यांना विचारलंच नव्हतं," ती म्हणाली.

नोलीनच्या आत काहीतरी पेटलं. नळी, चादर, तक्ते, सगळ्याचं उत्तर आता एका वाक्यात देता येणार होतं, आणि ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं. तूच बाबांना मारलंस, असं ती म्हणणार होती. तिने तोंड उघडलं.

पण ब्रॉनविन आधी बोलली. "काल गाडी कुणी चालवली?"

"मी," नोलीन म्हणाली. "रॉस मागे पोरांत बसला."

"सगळी वाट?"

नोलीनने मान डोलावली. ब्रॉनविनने तिच्याकडे पाहिलं. जुलैतही ही वाट एवढीच होती, आणि नोलीनच्या जिभेवरचं वाक्य तिथेच राहिलं.

टोकाकडून शेनची हाक आली. त्याच्या बाहीत गळ रुतला होता आणि तो कुणालाही काढता येत नव्हता. दोघी एकदमच निघाल्या, एक डाव्या कठड्याने आणि एक उजव्या.