उजवीकडचा वरचा कोपरा

आर्विड कांगासनं आयुष्यात कुठलीही वस्तू बिघडली म्हणून फेकली नाही. कॅनडातल्या थंडर बेमध्ये घरामागच्या शेडमध्ये बसून त्यानं चाळीस वर्षं बोटींची इंजिनं आणि लाकूड कापायच्या करवती दुरुस्त केल्या. गिऱ्हाईक म्हणायचं, आर्विड, हे आता भंगारात टाकू या. आर्विड काहीच म्हणायचा नाही. दोन दिवसांनी इंजिन सुरू झालेलं असायचं.

काहीच न म्हणणं ही त्याची खासियत. आमची फिनलंडहून आलेली फिन माणसं तशीही बोलायला चिक्कू, पण आर्विड त्यातही वरच्या नंबरचा. त्याच्या वाट्याचं सगळं बोलणं बायको लेम्पी करायची. चर्चच्या हॉलमध्ये कॉफीच्या किटलीमागं उभी राहून ती अख्ख्या गावाची हजेरी घ्यायची. म्हणून जेव्हा स्नायू निकामी करत जाणारं ते दुखणं तिला झालं आणि आधी हात, मग पाय आणि शेवटी जीभ गेली, तेव्हा लोक हळहळून म्हणाले, देवाला न्याय करता येत नाही. मुकं करायचंच होतं तर नवऱ्याला करायचं, कुणाला पत्ताही लागला नसता.

लेम्पीचे डोळे तेवढे शाबूत राहिले. मग ओडेट आली. वाचा गेलेल्यांना बोलतं करणं हे तिचं काम. तिनं एक जुना, जाडजूड, चौकोनी लॅपटॉप आणला आणि त्याच्या स्क्रीनखाली नजर टिपणारा कॅमेरा बसवला. स्क्रीनवर अक्षरांचा तक्ता. लेम्पी ज्या घरावर नजर रोखेल ते अक्षर उमटायचं आणि वाक्य झालं की मशीन ते मोठ्यानं बोलायचं. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात 'हो', उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात 'नको'. लेम्पीनं पहिल्याच दिवशी पहिलं वाक्य बोलून दाखवलं, "म्हाताऱ्या, दाढी कर."

अकरा महिने हा संसार त्या चौकोनावर चालला. पण दर शनिवारी सौना, म्हणजे वाफेनं अंघोळ करायची लाकडी खोली, तापायची आणि तिथल्या वाफेत लॅपटॉप नेता येत नव्हता. आर्विड लेम्पीला उचलून खालच्या बाकावर बसवायचा, पाठीला हात देऊन शेजारी बसायचा, मग दोघं मशीनशिवाय बोलायची. लेम्पी हवेतच नजर फिरवायची, जणू तो तक्ता तिथं टांगलाय. वर डावीकडे म्हणजे हो, वर उजवीकडे म्हणजे नको, खाली मधोमध म्हणजे पाणी. आर्विडला सगळी घरं तोंडपाठ झाली होती. त्याला याचा फार अभिमान होता. जन्मात कुणाशी धड चार शब्द न बोललेला माणूस हॉलमध्ये सांगत सुटला, "मला मशीन लागत नाही. मी तिचे डोळे वाचतो."

पुढं तो लॅपटॉप अडकायला लागला. एकदा लेम्पीनं पाणी मागितलं तर मशीन पावणेदोन तास "पाणी, पाणी" करत राहिलं. आर्विडनं तो उघडला, धूळ फुंकली, पंखा बदलला. दोनदा चालू केला. तिसऱ्यांदा तो उघडायला घेतला तेव्हा लेम्पीनं डोळे मिटून घेतले. हे तिचं भांडण असायचं.

त्यांची मुलगी सीर्का कॅल्गरीला असते. तिनं नवा लॅपटॉप पाठवला; पातळ आणि लांबरुंद स्क्रीनचा.

"जुना चालतोय की," आर्विड म्हणाला. "स्क्रीन रुंद झाली म्हणून माणूस काय जास्त बोलतं?"

जुन्या मशीनवर लेम्पीनं एकेक अक्षर गोळा करत उत्तर दिलं, "मी बोलते. तू ऐकायचं शिक."

ओडेट नव्या लॅपटॉपवर सगळं चढवायला आली तेव्हा अडचण निघाली. लेम्पीची मान उजवीकडे कलंडलेली असायची. चौकोनी स्क्रीनवर डावा कोपरा तिला कसाबसा पोचायचा; या रुंद स्क्रीनवर तो फार लांब गेला. तिथं नजर नेताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ओडेटनं दोघांना विचारलं. दिवसातून सगळ्यात जास्त लागणारा शब्द 'हो', तर तो सोप्या बाजूला, म्हणजे उजवीकडे घेऊ. 'नको' जाईल डावीकडे. लेम्पीनं होकार दिला. आर्विडनं खांदे उडवले.

"अकरा महिन्यांची सवय आहे," ओडेट म्हणाली. "पंधरा दिवस चुका होतील, दोघांच्याही. तोवर महत्त्वाचं काही असलं तर मशीनवरच विचारायचं. हवेत नाही. कळलं ना, मिस्टर कांगास?"

"कळलं," आर्विड म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं. हे सांगायलाच हवं, कारण पुढं जे झालं ते माहीत नसल्यामुळं झालं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा टांगणीला लागलेली होती. श्वासाचे स्नायू आज ना उद्या जाणार होते. ते गेले की दोनच वाटा: गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावायचं आणि त्यावर जेवढी वर्षं मिळतील तेवढी पडून काढायची, किंवा लावायचं नाही. डॉक्टर दोन महिने उत्तर मागत होते. सीर्का फोनवर आईपाशी रडायची, "लाव म्हण ना, आइती." आर्विड तेवढ्यात शेडकडे निघून जायचा. शेवटी लेम्पीनं लॅपटॉपकडून सगळ्यांना एकदाच ऐकवलं, "वेळ आली की सांगेन. तेव्हा मला विचारा. ह्याला नाही." डॉक्टरांनी हे शब्दन् शब्द फाइलमध्ये लिहून घेतले.

नव्या लॅपटॉपच्या दहाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, वेळ आली. छातीत कफ अडकला, ओठ निळे पडले. ॲम्ब्युलन्सची माणसं बर्फाचे बूट घालूनच स्वयंपाकघरात शिरली आणि लेम्पीला उचलून निघाली. लॅपटॉप टेबलावर उघडाच राहिला. आर्विडला तो दिसला होता. घ्यायला तो वळलाही होता, पण बाहेरून कुणीतरी ओरडलं, "काका, चला," आणि तो तसाच धावला.

हॉस्पिटलात तोंडाला घट्ट मास्क, त्यातून जोरात हवा. हवेनं लेम्पीच्या पापण्या फडफडत होत्या, त्यामुळं डोळे मिटून हो-नाही सांगायची सोय राहिली नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण धीराची. ती म्हणाली, "मास्कवर अर्धा-पाऊण तास निघेल. फाइलमध्ये लिहिलंय की त्यांनाच विचारायचं. त्यांचं बोलायचं मशीन कुठं आहे?"

"घरी," आर्विड म्हणाला.

"कुणाला आणायला पाठवता येईल?"

शेजारचा हाइकी अर्ध्या तासात लॅपटॉप घेऊन आला असता. त्याचा नंबर आर्विडला पाठ होता. पण त्या खोलीत, यंत्रांच्या त्या आवाजात, लेम्पीची छाती तशी उडत असताना, आर्विडला वाटलं की आयुष्यभर नुसतं ऐकलं, आज आपली पाळी आली. तो म्हणाला, "गरज नाही. मी तिचे डोळे वाचतो."

तो वाकला. "लेम्पी. गळ्याला मशीन लावायचं का?"

लेम्पीची नजर वर गेली. उजवीकडे. तिथंच थांबली.

"नको म्हणतेय," आर्विड म्हणाला.

"पुन्हा एकदा विचारा. नीट."

त्यानं पुन्हा विचारलं. नजर पुन्हा वर, उजवीकडे. या वेळी ती तिथून हललीच नाही. नर्स सुई घेऊन आली तरी लेम्पी त्याच कोपऱ्याकडे बघत होती, डोळे फाटेस्तोवर. आर्विडला वाटलं, ही अशीच. एकदा ठरलं की ठरलं. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "कळलं, म्हातारे. कळलं मला."

गळ्याला मशीन लावलं नाही. मास्क तसाच ठेवून गुंगीचं औषध दिलं. दुपारी चारच्या सुमाराला लेम्पी गेली. सीर्काचं विमान तेव्हा अजून हवेत होतं.

एक गोष्ट आर्विडनं पुढं कधी स्वतःशीही धड कबूल केली नाही. 'नको' हे उत्तर त्याला वाचता आलं, त्या क्षणी त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलं होतं. वर्षभर तो रोज तीन-चार तास झोपला होता. तिला उचलून उचलून त्याची पाठ गेली होती. आता सुटली बिचारी, असं त्याला वाटलं, आणि त्या बिचारीत तो स्वतःही थोडा होता.

घरी आला तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. टेबलावर लॅपटॉप, स्क्रीन काळी. मिटून ठेवावा म्हणून त्यानं हात लावला तर तक्ता उजळला. केवढी रुंद ती स्क्रीन. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात, हिरव्या घरात, 'हो'.

आर्विड कोट न काढता उभा राहिला. मग लेम्पीच्या खुर्चीत जाऊन बसला, मान तिच्यासारखी उजवीकडे टाकली आणि वर पाहिलं. 'हो'. दहा दिवस तो रोज हे बघत होता. रोज सकाळी ती 'हो' म्हणायची आणि मशीन बोलायचं आणि तो कॉफी ठेवायचा.

मग त्यानं मनाला समजवायचा प्रयत्न केला. हॉस्पिटलात लॅपटॉप नव्हता. मशीन नसताना ती दोघं जुनाच तक्ता धरायची, हवेतला. म्हणजे तिनंही जुनाच धरला असेल. म्हणजे उजवीकडे म्हणजे नको. बरोबर. जरा श्वास आला. आणि तेवढ्यात त्याला परवाचा शनिवार आठवला. सौनामध्ये त्यानं विचारलं होतं, दगडांवर अजून पाणी टाकू का? लेम्पीनं वर उजवीकडे पाहिलं. त्यानं टाकलं नाही. थोड्या वेळानं तिच्या दंडावर काटा आला होता आणि तिनं डोळे मिटून घेतले होते. दमली असेल, असं त्यानं धरलं. आता त्याला ते मिटलेले डोळे दिसत राहिले. पण लेम्पीला फार वाफ कधीच सोसत नव्हती, हेही खरं होतं. दोन्ही खरं होतं, आणि विचारायला आता कुणी नव्हतं.

बुधवारी ओडेट कॅमेरा परत न्यायला आली. आर्विडनं तिला कॉफी दिली. ती प्यायलाही लागली, तेव्हा त्यानं विचारलं, "समोर स्क्रीन नसली, तर माणूस कुठला तक्ता धरतो? जुना की नवा?"

"सांगता येत नाही," ओडेट म्हणाली. "घाबरलं की माणूस जुन्या सवयीवर जातं. पण लेम्पी भराभर शिकत होती हं. मागच्या मंगळवारी तिनं माझ्याकडून स्क्रीन बंद करून सराव करून घेतला. म्हणाली, म्हातारा मागं राहील, त्याला मीच शिकवेन." हे बोलताना ती हसली, आणि आर्विडचा चेहरा बघून थांबली. "का विचारता?"

"उगीच," आर्विड म्हणाला.

ओडेटनं कॅमेऱ्याची वायर गुंडाळायला घेतली. अर्धी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळायला घेतली. जाताना दारात तिनं त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला, आणि हिला समजलं, हे आर्विडला समजलं.

शनिवारी अंत्यविधी झाला. नंतर हॉलच्या तळघरात कॉफी, वेलदोड्याचा पुल्ला पाव आणि सॅल्मनचे सँडविच. किटलीमागं दुसरीच बाई उभी होती आणि कॉफी पातळ होती. आयुष्यात कधी नव्हे एवढी माणसं त्या दिवशी आर्विडशी बोलली. पाद्री म्हणाला, बायकोचं मन असं वाचणारा नवरा मी पाहिला नाही. हाइकी म्हणाला, "तू तिच्या मनासारखं केलंस, गड्या. आमच्या घरी तर समोर बसून ओरडलं तरी मला ऐकू येत नाही." आजूबाजूची माणसं हळूच हसली. आर्विडनं मान हलवली. प्रत्येक जण पाठीवर थाप मारून जात होता, आणि प्रत्येक थापेला त्याला वाटत होतं की आता खाली बसावं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकावं. एवढा शरमेनं तो कधी मेला नव्हता.

मग सीर्का आली. पाच दिवसांत तिनं तो विषय काढला नव्हता. तिनं त्याला कोटांच्या खुंट्यांकडे बाजूला नेलं.

"इसा," ती म्हणाली. बापाला ती लहानपणापासून अशीच हाक मारायची. "मी तिला रोज सांगत होते, मशीन लाव म्हणून. माझ्यासाठी तरी लाव. मग तिनं नको म्हटलं याचा मला राग आलाय. आणि मेलेल्या आईचा राग धरून मला जगता येणार नाही. मला एवढंच सांग. तिनंच सांगितलं ना? स्वतः? तू नाही ना ठरवलंस?"

आर्विडनं तिच्याकडे पाहिलं. डोळे लेम्पीचे होते, पण त्यात काय आहे ते कुणालाही वाचता आलं असतं. खरं सांगितलं तर आईवरचा तिचा राग क्षणात जाईल, हे त्याला दिसत होतं. आणि त्या रागाच्या जागी काय येईल, तेही. आईऐवजी बापावरचा राग सीर्काला निस्तरता आला नसता. आधीच आई गेलेली. उद्या तिला बापही उरला नसता.

"तिनंच सांगितलं," तो म्हणाला. "मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच."

"तुला अगदी नक्की कळलं?"

"हो."

सीर्कानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. रडता रडता तिचा श्वास हलका होत गेला. "तिच्यापाशी तू होतास, बरं झालं," ती म्हणाली. आर्विड तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आता ही गोष्ट आपल्याला मरेपर्यंत कुणाजवळच बोलता येणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.