हाड न मोडता

दाजींना कुठं मारायचं हे मीच सांगितलं होतं. मांड्या, कुल्ले, पाठीचा मांसल भाग. डोकं नको, बरगड्या नकोत, नडगी तर अजिबात नको. हाड मोडलं की कलम वाढतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिवाय राहात्यात माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे, त्यामुळं शरीराच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा.

आदल्या दिवशी अक्का, माझी थोरली बहीण, माहेरी आली होती. उजवा डोळा सुजून मिटलेला, पाठभर पट्ट्याचे वळ, एका ठिकाणी बक्कल कातडीत रुतल्याची जखम. बारा वर्षांच्या संसारात तिनं पहिल्यांदा मार दाखवला. एरवी "पडले", "म्हशीनं ढकललं" असं काहीबाही सांगायची आणि आम्हीही ते सोयीनं खरं मानायचो. माझा मोठा भाऊ ताटावरून उठला तो पुन्हा बसलाच नाही.

भर दुपारी आम्ही दोघांनी दाजींना त्यांच्याच पेरूच्या बागेत गाठलं. ते फांद्या छाटत होते. भावानं आधी त्यांच्या हातातली कात्री हिसकावली, मग पीव्हीसी पाईपचा पहिला फटका मांडीवर. "अवो पाव्हनं, हे काय?" दाजी म्हणाले, आणि त्या 'पाव्हनं'नं माझं टाळकंच सटकलं. पालथं पाडलं त्यांना. भाऊ मानेवर गुडघा देऊन बसला, मी मारलं. मी दमलो की मी बसायचो, तो मारायचा. मला मजा येत होती, लपवत नाही. हात भरून आला तरी थांबवेना. त्यांच्या अंगाखाली पिकले पेरू चिरडले जात होते आणि त्यांचा गोड वास सुटला होता. आधी ते ओरडले, मग रडले, मग नुसते कण्हत राहिले. शेवटी उठवलं तर लंगडत का होईना, पायांनी घरी गेले.

"बगितलं का? एक हाड न्हाई मोडलं," भाऊ म्हणाला.

अक्काला कळलं तेव्हा ती आमच्यावरच उसळली. "तुमाला कोनी सांगितलं हुतं?" म्हणाली आणि पिशवी उचलून संध्याकाळच्या गाडीनं सासरी परत गेली. दुसऱ्या दिवशी दाजींचा एक्स-रे काढला. सगळी हाडं शाबूत. भावानं खुशीत मला टाळी दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का लॅबच्या दारात उभी. हातात बाटली, तळाशी दोन बोटं लघवी, बिनदुधाच्या चहाच्या रंगाची.

"कालपासनं एवढीच झालीया त्यांना. मांड्या दगडावानी झाल्यात. बघ काय हाय."

मी तपासणीची पट्टी बुडवली. रक्ताचा चौकोन गर्द हिरवा झाला, म्हणजे लघवीत रक्त आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबडी पेशी एकही दिसेना. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. त्यांतही नाही.

शरीरात प्रत्येक प्रथिनाचं घर ठरलेलं असतं. कुणी यकृतात राहतं, कुणी हृदयात, कुणी स्वादुपिंडात. ते नको तिथं सापडलं की कुठलं घर फुटलं ते कळतं, आणि माझा निम्मा धंदा त्यावरच चालतो. मायोग्लोबिन हे स्नायूंमधलं प्रथिन. मांसाचा लाल रंग त्याचाच. स्नायू ठेचला की ते रक्तात सांडतं, तिथून मूत्रपिंडात जातं आणि तिथल्या बारीक नळ्या बुजवून टाकतं. पट्टीला ते रक्तासारखंच वाटतं. हे सगळं परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. आणि जिथं त्याचा सगळ्यात मोठा साठा, नेमकं तिथंच मारा म्हणून मी भावाला बोट दाखवून सांगितलं होतं. नडगी फोडली असती तर माणूस प्लास्टरवर सुटला असता.

दाजींना गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. "झाडावरून पडलो," ते डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टर त्यांच्या मांडीवरच्या पाईपच्या रुंदीच्या काळ्या पट्ट्यांकडं बघत राहिले. मी डॉक्टरांना बाहेर गाठून खरं काय ते सांगितलं. "मेला तर आपन आत जानार," भाऊ कुजबुजला. त्याच दिवशी डायलिसिस सुरू झालं. आठ दिवस दाजींना थेंबभर लघवी नव्हती, अंग फुगलेलं, तोंडाला अमोनियाचा वास. मी रोज देवाला हात जोडत होतो, तेही त्यांच्यासाठी नाही, स्वतःसाठी.

नवव्या दिवशी नळीतून पिवळी धार आली. दाजी वाचले.

त्या आनंदात मी व्हरांड्यात अक्काला सगळं समजावत बसलो. मांस कसं ठेचतं, त्यातलं काय कुठं उतरतं, लघवी का काळी होते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी ही लघवी मारानं हुती व्हय?"

"हो."

"मला दोनदा झालती. उन्हाळी लागली आसंल म्हनून सब्जाचं पानी पीत बसले."

मी तिला तिथून थेट लॅबमध्ये आणलं. रक्त काढलं आणि मूत्रपिंडाची तपासणी लावली. यंत्र फिरत होतं तेवढा वेळ मी मनातल्या मनात एकच घोकत होतो, आकडा वाईट येऊ दे. तो वाईट आला असता तर बागेतला एकेक फटका मला माफ झाला असता. आकडा नॉर्मल आला. अगदी ठणठणीत माणसाचा असतो तसा.

"चांगलं हाय ना रं?" अक्कानं विचारलं.

मी मान डोलावली. माझ्या सख्ख्या बहिणीची मूत्रपिंडं चांगली आहेत, याचं मला वाईट वाटलं.