खंडेनवमीला घेतलेलं लायसन्स

आमच्या घरात खंडेनवमीच्या दिवशी मिक्सरसुद्धा लागत नाही. चटणी आदल्या दिवशी वाटून ठेवतात, स्कूटर हळदकुंकू लावून अंगणात उभी असते आणि दोन्ही माग गप्प. त्या दिवशी सगळ्या वडगावातच माग बंद असतात, पण संध्याकाळपर्यंत एखाद्या घरातून पाण्याच्या पंपाचा तरी आवाज येतो. आमच्या घरातून तोही येत नाही. याला कारण आहे.

माझे वडील, आप्पा, बावीस वर्षांचे असताना दिवाळीच्या साड्यांची घाई होती, म्हणून त्यांनी खंडेनवमीच्या दुपारी पूजेतला माग चालू केला होता. अर्ध्या तासात धोटा सुटला. धोटा म्हणजे दोऱ्याची कांडी पोटात घेऊन मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारं टोकदार लाकूड. तो थेट त्यांच्या डाव्या डोळ्यात बसला आणि डोळा गेला. आप्पा तसे देवभोळे नाहीत, उपासतापासाची तर ते चेष्टाच करतात. पण या एका दिवसाबद्दल त्यांच्याशी वाद घालायची घरात कुणाची छाती नाही. मी मात्र घालते. मी वाद कशावरही घालते.

माग चालवणं त्यानंतर त्यांना जमलं नाही. ते साडीच्या काठांची नक्षी काढू लागले. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरायचा, आणि त्या चौकोनांवरून मागवाल्याने काठ विणायचा. चाळीस वर्षं उरलेल्या एका डोळ्याने त्यांनी शहापूर-वडगावच्या मागांना नक्षी पुरवली. मग त्या डोळ्यात काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी थेंब दिले आणि स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जितकं टिकेल तितकं टिकेल.

त्याच सुमारास मी पुण्याची नोकरी सोडून घरी आले. आठवड्यातले तीन दिवस निपाणीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा आणि उरलेल्या दिवसांत स्वतःचा गेम बनवायचा असा बेत होता. गेममधली मुलगी साडीच्या काठावरून चालत जाते. काठ जसा विणला जातो तशी तिच्या पायाखाली वाट तयार होते. प्रत्येक पातळीला वेगळा काठ हवा होता, आणि काठ म्हटल्यावर माझ्या घरातच माणूस होता.

गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचे दोन भाव होते. एकदाच पैसे भरले की कायमचं तुमचं. ते पैसे माझ्या कॉलेजच्या तीन पगारांइतके. नाहीतर महिन्याला थोडे थोडे. मी महिन्याचं घेतलं. आप्पांना ते पटलं नाही.

"भाड्याच्या मागावर घरचं सूत लावू नये गं," ते म्हणाले. "मालकानं उद्या कुलूप घातलं तर सूत कुणाचं?"

मी त्यांना शहाणपण शिकवलं. आप्पा, हे माग नव्हे, दर महिन्याला यात नवीन सुधारणा येतात, विकत घेतलेलं दोन वर्षांत जुनं होतं, हल्ली सगळं जग असंच चालतं. नाकाने कांदे सोलायला मला पुण्यात आठ वर्षं पगार मिळाला होता. आप्पा "बरं" म्हणाले.

आणि मग त्यांनी त्या सॉफ्टवेअरवर असा काही जीव लावला की बघत राहावं. कागदावरचे चौकोन त्यांना आता दिसत नव्हते, पण स्क्रीनवर चौकोन हवा तेवढा मोठा करता येतो हे कळल्यावर त्यांनी खुर्चीच सोडली नाही. रुईफुलं, मोर, करवतकाठ, आणि कुणी कधी न विणलेले त्यांच्या मनातले काठ. कुठला दोरा आधी दिसायचा, कुठला मागून यायचा, मुलीचं पाऊल पडल्यावर रंग कसा फिरायचा, हेही तेच ठरवायचे. वर्षभरात ऐंशीच्या वर काठ झाले. कागदावर त्यातला एकही नव्हता. एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "हे लई ब्येस झालं. आता डोळा गेला तरी चालंल." आई ताटावरून उठून गेली.

कंपनीची मेल आली तेव्हा मी निपाणीच्या बसमध्ये होते. संकेश्वरजवळ बस उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली होती. महिन्याचा भाव बंद होतोय, असं मेलमध्ये लिहिलं होतं. यापुढे वर्षाचे पैसे एकरकमी आणि तेही दुप्पट, दरवर्षी. जुन्या ग्राहकांना कायमचं लायसन्स जुन्याच किमतीत घ्यायची एक शेवटची संधी. ती तारीख उलटली आणि वर्षाचेही पैसे भरले नाहीत, तर फाइली उघडणार नाहीत. चित्रं तेवढी वेगळी काढून ठेवता येत होती, ती मी लगेच काढलीही. पण साडीच्या फोटोतून साडी नेसता येत नाही. आप्पांनी वर्षभर केलेली दोऱ्यांची जुळणी त्या फाइलींतच होती आणि त्या फाइली त्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडत होत्या.

लगेच पैसे भरायला हवे होते. मी तीन आठवडे भांडत बसले. इंटरनेटवर हजारो लोक कंपनीला शिव्या घालत होते, मीही इंग्रजीत चार घातल्या. एवढा ओरडा झाल्यावर कंपनी नमतं घेईल असं मला खरंच वाटत होतं. कंपनी ढिम्म हलली नाही. शेवटची तारीख एका दिवसावर आली तेव्हा मी पैसे काढले, तर कळलं की परदेशात एवढी रक्कम भरायला कार्डाची मर्यादा वाढवावी लागते, आणि त्याला चोवीस तास लागतात. बैल गेला आणि झोपा केला, तशी माझी गत झाली. मर्यादा वाढल्याचा मेसेज आला तेव्हा खंडेनवमीची आरती चालली होती.

लॅपटॉप तेव्हा पूजेत होता. आईने तो मागाच्या फळीवर ठेवून त्याला झेंडू वाहिला होता. मला काळजी नव्हती. पैसे काय, मोबाइलवरूनही भरता येतात. जेवण झाल्यावर दुपारी दोन वाजता मी मोबाइलवर कंपनीचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, जुन्या ग्राहकांनी आपल्या मशीनवरच्या सॉफ्टवेअरमधूनच खरेदी करावी. खाली उलटं घड्याळ चालू होतं. कंपनी पूर्वेकडच्या देशातली. त्यांची मध्यरात्र म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा.

साडेतीन तास मी त्या घरात पिंजऱ्यातल्यासारखी फिरले. कंपनीला मेल लिहिली, उत्तर आलं नाही. दुसऱ्या कुणाच्या मशीनवरून जमेल का बघितलं. जमणार नव्हतं, लायसन्स याच लॅपटॉपला बांधलेलं. वर्षाचे दुप्पट पैसे भरून पुढे बघू असंही मनात आलं. पण दरवर्षी तेवढे आणायचे कुठून? दोन वेळा मी मागाजवळ जाऊन उभी राहिले. नुसतं झाकण उघडायचं. दहा मिनिटांचं काम. माझा या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण आप्पा बाहेरच्या खोलीत झोपले होते, आणि चोरून केलं असतं तरी मी ते त्यांच्यापासून लपवू शकले नसते. पुढे कधी मला साधी ठेच लागली असती तरी त्यांनी ती स्वतःच्या डोळ्याला जोडली असती.

साडेपाचला ते उठले. माझं तोंड बघून म्हणाले, "काय झालंय गं? सांग."

मी सगळं सांगितलं. भाड्याचा माग, कुलूप, सगळं. "तुमी बरोबर होता" हेही सांगितलं. ते मला फार जड गेलं.

आप्पा म्हणाले, "जाऊ दे."

"काय जाऊ दे?"

"नक्षी. माझीच हाय न्हवं? जाऊ दे म्हणतो."

"आप्पा, ऐंशी काठ हायत! परत कोण काढणार? तुमी?" बोलले आणि जीभ चावली.

"मी न्हाय काढणार," ते शांतपणे म्हणाले. "पर त्येच्यापायी तू आज हत्याराला हात लावायचा न्हाय."

"ह्याच्यात धोटा न्हाय आप्पा! नुसती काच हाय! काच काय उडून बसणार हाय डोळ्यात?" मी ओरडलेच. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मला बी वाटलं न्हवतं, लाकूड उडंल म्हणून," आप्पा म्हणाले.

मला राग आला, रडू आलं, आणि त्यांचा इतका कळवळा आला की मी तिथेच खाली बसले. पावणेसहा वाजले होते. आप्पा उठले, मोरीत जाऊन हातपाय धुऊन आले. मागापुढे उभे राहून त्यांनी हात जोडले. मग त्यांनीच झेंडू बाजूला केला, लॅपटॉप उचलला आणि मांडीवर घेऊन बसले.

"तू तिकडं भिताडाकडं तोंड कर," ते म्हणाले. "बघू नको. तू सांग, मी करतो."

"आप्पा..."

"माझा एक गेलाय, दुसरा जायाला लागलाय. मला काय व्हायाचं ऱ्हायलंय? तुजं दोन्ही धड हायत. फिर तिकडं."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. बत्तीस वर्षांची बाई, दोन डिग्र्या, कॉलेजातली शिक्षिका, आणि शाळेत शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे बघत बसले होते. पाठीमागे लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज आला. आई दारातून हलली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली, एवढं पावलांवरून कळलं.

आप्पांचं इंग्रजी एकेका अक्षराचं. सॉफ्टवेअर त्यांना चित्रांवरून पाठ होतं, पण पैसे भरायचं पान नवीन होतं. "वर उजवीकडं काय लिवलंय?" मी विचारायचे. "बी... यू... वाय." "तेच. दाबा." मग कार्डाचा नंबर. कार्ड माझ्या हातात होतं, मी एकेक आकडा सांगत होते आणि मागे एका बोटाने एकेक की दाबल्याचा आवाज येत होता. सहा वाजून पाच मिनिटं.

मग सगळं थांबलं.

"लाल काय तरी आलंय," आप्पा म्हणाले. "आय... एन... व्ही... ए..."

"इनव्हॅलिड. आप्पा, नंबर चुकलाय."

"कुठला?"

मला कसं कळणार? मान वळवली असती तर एका सेकंदात दिसलं असतं. मी थोडी वळलेही असेन, कारण मागून एकदम आवाज आला, "फिरू नको म्हणतो न्हवं!" आप्पा जन्मात कधी माझ्यावर ओरडले नव्हते. मी भिंतीला कपाळ टेकलं.

"तुमी वाचा," मी म्हटलं. "काय टाइप झालंय ते वाचा, मी कार्डावर बघते."

ते वाचू लागले. आवाजावरून कळत होतं की त्यांनी नाक स्क्रीनला लावलंय. पाच... शून्य... थांब... सहा का आठ, सहा. प्रत्येक आकड्याला ते डोळा मिटून उघडत असणार, कारण मध्ये तेवढा वेळ जात होता. अकराव्या आकड्याला ते आठ म्हणाले आणि माझ्या कार्डावर तीन होता.

"आप्पा, तो तीन हाय."

"आठच दिसतोय."

"म्हंजे आठच पडलाय. तो खोडून तीन टाका."

सहा वाजून अठरा. मोबाइलवर बँकेचे सहा आकडे आले. मोबाइल पूजेत नव्हता, तेवढा तरी माझ्या हातात होता. मी ते सावकाश सांगितले. सहावी की दाबली गेली आणि मागे काहीच ऐकू येईना. गल्लीतसुद्धा एक माग चालू नव्हता.

"हिरवं आलंय," आप्पा म्हणाले. "टी... एच... ए... एन..."

"झालं," मी म्हटलं. "बंद करा आप्पा. झालं आपलं."

ते मशीन बंद करेपर्यंत मी वळले नाही. वळले तेव्हा लॅपटॉप मागाच्या फळीवर परत गेला होता आणि आप्पा त्याला नव्याने कुंकू लावत होते. त्यांच्या डोळ्यातून पाणी गळत होतं; स्क्रीनमुळे की कशामुळे, मी विचारलं नाही. आईने पदराने ते पुसलं. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, आणि आमच्या घरात एरवी असलं कुणी करत नाही.

त्या रात्री जेवताना त्यांनी दोनदा विचारलं, "तुला दिसतंय न्हवं नीट?" मी दोनदा "व्हय" म्हटलं. दसऱ्याला सकाळी सोनं द्यायला मी वाकले, तेव्हा त्यांनी पानं घ्यायला हात पुढे केलाच नाही. माझी हनुवटी धरून चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला, आपल्या त्या एका डोळ्याने माझे दोन्ही डोळे जवळून एकेक करून तपासले आणि मगच पानं घेतली.