आपाचे हात, आपाचं नाव

कळंबच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा अब्बा कंडक्टरला सांगत होते, “पोरगी एकटी हाय, जरा ध्यान ठेवा.” अम्मी रडत होती. आपा, माझी थोरली बहीण नसरीन, मात्र माझ्या कुर्त्याची बाही ओढून बघत होती. “काखेत ताणतंय. पुण्यात सैल करून घे,” एवढंच म्हणाली. मी लॅबचा कोर्स शिकायला चालले होते. तिला दहावीनंतर शिलाई मशीनवर बसवलं होतं. मार्क तिचे जास्त होते. ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही, म्हणून इथं लिहिते.

होस्टेलात मी ती बाही उसवली आणि परत जोडता येईना. फोनवर सांगून कळेना, तेव्हा आपानं मोबाइल डब्याला टेकवून स्वतः बाही लावून दाखवली आणि व्हिडिओ पाठवला. मैत्रिणींनी तो मागितला. मग दुसरा मागितला, कटोरी ब्लाउजचा. शेवटी मी आपाला विचारून तिचा चॅनल काढून दिला. अब्बांना कळल्यावर त्यांनी अट घातली, “हातां दिखे तो चलता. मूं नक्को, नाम नक्को.” घरात आम्ही दखनी बोलतो. व्हिडिओत आपा मराठीच बोलायची, आमच्या कळंबची, लई-न्हायवाली.

मी पुण्याहून लग्न करून शारजाला आले. इथं दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. या सगळ्या वर्षांत किती चॅनल आले आणि बिघडले. चांगलं शिकवणारे नाचायला लागले, घरातली भांडणं दाखवायला लागले, दर दोन मिनिटांनी साबण विकायला लागले. आपा बदलली नाही. ना गाणं, ना आरडाओरडा. कापड पसरायची आणि सुरू करायची. मुंढा, म्हणजे बाहीसाठीचा गोल काप, चुकला तर चुकलेलाही दाखवायची. “हे माझं चुकलं, बायांनो. असं करू नका.” खाली कुणी अडचण लिहिली की दुपारी बसून एकेकीला उत्तर द्यायची.

आणि मग ते चोरलं गेलं. एका मोठ्या शहरातल्या चॅनलनं तिचे व्हिडिओ उचलले. हात आपाचे, कात्री आपाची, आवाज भलत्याच बाईचा. वर त्यांनीच तक्रार केली की आपानं त्यांची नक्कल केली. तिचे व्हिडिओ उडाले. मी व्हिडिओवाल्या कंपनीला मेलवर मेल केले. उलट उत्तर यायचं, हे हात तुमच्याच बहिणीचे कशावरून? लॅबमधून आले की मी परत मेल लिहायला बसायचे, इतका राग होता.

मी आपाला म्हटलं, समोर ये, तोंड दाखव. अब्बांनी तिच्या हातून फोन घेतला. “छोड दे. खानदान का नाम उछलता.”

त्यांच्यापुढे मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. “अब्बा, ते चोर तिच्या कामाला तिचं नाव लागू देत नाहीत. तुम्हीपण देत नाही. मग तुमच्यात अन् त्यांच्यात फरक काय?”

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आपानं व्हिडिओ टाकला. डोक्यावर ओढणी, मागं निळी भिंत. अब्बा पलीकडच्या खोलीत होते, त्यांचं खोकणं ऐकू येत होतं. “मी नसरीन. कळंबची. माझे व्हिडिओ चोरलेत. कशी शिवते ते बघा.” मोबाइल न थांबवता तिनं अख्खा ब्लाउज कापला आणि शिवला. नंतर जुन्या मोबाइलमधले मूळ व्हिडिओ काढून मला पाठवले, मी ते कंपनीला धाडले.

तिचे व्हिडिओ परत आले. चोरांचे थोडे उडाले, बाकीचे आजही चालू आहेत. माफी कुणी मागितली नाही. सोलापूरच्या चाचांचा मात्र लगेच फोन आला, घराची लाज गेली म्हणून. चाचा, हे तुमच्यासाठी लिहिते. तुमच्या सुनेनं ईदचा ड्रेस आपाचा व्हिडिओ बघूनच शिवला होता, तुम्हीच कौतुकानं सांगितलं होतं. जोवर नुसते हात होते, तोवर तुम्हाला चालत होतं. आणि माझ्यासारख्या कळंबबाहेर पडलेल्यांनो, “आपा अजून तेच जुनं दाखवते का?” म्हणून हसणाऱ्यांनो, तुमच्यावरही मी रागावले आहे.

अब्बा महिनाभर आपाशी बोलले नाहीत. आता चहापुरतं, बाजारहाटापुरतं बोलतात. त्यांनी तो व्हिडिओ पाहिलेला नाही. “म्हातारं माणूस हाय, जाऊ दे,” असं आपा म्हणते. तिनं जाऊ द्यावं. माझ्यानं होत नाही.

परदेशात कुणी गाव विचारलं की मी ‘पुण्याकडचं’ म्हणून मोकळी व्हायचे, कळंब कुणाला ठाऊक असणार? गेल्या आठवड्यात लॅबमध्ये नांदेडची एक बाई रक्त द्यायला आली. माझं बोलणं ऐकून तिनं गाव विचारलं. मी कळंब सांगितलं.

“कळंब म्हणजे, त्या नसरीनआपांचं?”

“व्हय,” मी म्हटलं. “त्यांचंच.”