गर्डरचं दुसरं टोक

नव्या गोठ्याच्या दोन भिंतींवर गर्डर टाकायचे आणि त्यावर पाण्याची टाकी, एवढंच काम. माझं म्हणणं सरळ होतं. गर्डर हौदाकडच्या भिंतीबाहेर काढायचे, टाकी त्या बाहेरच्या टोकावर ठेवायची. नळ सोडला की पाणी थेट हौदात, पाइपाची कटकट नको.

नात नगरला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करते. कुणी विचारलं नव्हतं, तरी तिनं सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर आडवी रेघ मारली, खाली दोन बाण काढले. कुठल्या भिंतीवर किती भार येतो ते काढते म्हणाली. हौदाकडच्या भिंतीवर टाकीपेक्षाही जास्त आला आणि लांबच्या भिंतीवर वजा. आता वजा म्हणजे काय? भिंत ओझं पेलते, नाहीतर पेलत नाही. परत कर म्हणालो. परत केलं, परत वजाच.

"आबा, ते टोक वर उचलणार. त्याला खाली धरून ठेवावं लागंल."

"आजवर कुठल्या भिंतीनं गर्डर धरून ठेवलाय गं?"

गवंडी तंबाखू मळत बसला होता. त्याला विचारलं तर म्हणे, तुमी सांगाल तसं. असल्या माणसाला विचारून उपयोग काय.

टाकी मी सांगितली तिथंच चढली. लाईट आल्यावर मोटर सुरू केली आणि मी मुद्दाम शिडीनं लांबच्या भिंतीवर जाऊन बसलो, तिला दाखवायला. पत्रे अजून टाकायचे होते. टाकी निम्म्याच्या वर गेली तसं गर्डरचं टोक हाताखाली हललं. वाकून बघतो तर भिंत आणि लोखंडात फट. तसाच त्या टोकावर बसलो. फट मिटली.

नातीनं मोटर बंद केली, नळ सोडला. "टाकी रिकामी होईस्तवर उठू नका."

उठतोय कशाला. हौद भरून वाहायला लागला, दारात चिखल झाला, आणि मी उन्हात तापलेल्या लोखंडावर. डेअरीवरून येणारा शेजारी खालून विचारतो, आबा, वर काय करताय? म्हटलं, काम बघतोय. पोरगी हसली नाही, तेवढं बरं केलं. पण चहा वर पाठव म्हणालो तर काय म्हणावं?

"आधी टाकी आत घ्यायचं कबूल करा."

चहा प्यालो.

टाकी आता दोन्ही भिंतींच्या मधोमध आहे. हौदापर्यंत पाइप न्यावा लागला. त्यात शेवाळ धरतं, आणि तो काढून धुवायला दर वेळी मलाच वाकावं लागतं.